स्वस्त स्कॉच व्हिस्कीची रुची : मिश्रणशास्त्राच्या दृष्टीने एक विचार

'स्वस्त' आणि 'सुमार' हे दोन शब्द आपल्या बोलण्यात इतके एकमेकांशेजारी येतात की, त्यांचा अर्थ एकच आहे असे वाटू लागावे. खाद्यपेयांच्या बाबतीत तर किंमत हाच गुणवत्तेचा दाखला समजण्याची प्रवृत्ती फार बळकट आहे. ह्या समजुतीची परीक्षा घेण्यास स्कॉच व्हिस्कीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण ह्या पेयाची घडण कायद्याने बारकाईने बांधून दिलेली आहे, त्यातील सुवासिक द्रव्यांचे पृथक्करण झालेले आहे, आणि त्याच्या किंमतीचा बराचसा भाग कशापोटी जातो हे हिशेबाने दाखविता येते. मद्यपानाच्या इष्टानिष्टतेचा विचार प्रस्तुत लेखाच्या कक्षेत येत नाही. बाजारात माफक किंमतीला मिळणारी मिश्र स्कॉच अनेकांना प्रिय का होते, तिच्या रुचीचे घटक कोणते आणि ते कोठून येतात, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. उदाहरणादाखल 'टीचर्स हायलँड क्रीम' ही व्हिस्की निवडली आहे. ती सर्वत्र परिचित आहे, तिची किंमत बेताची आहे आणि तिच्या रुचीत एक स्पष्ट ओळखता येणारा विशेष आहे. म्हणून ही निवड.

मिश्र व्हिस्की म्हणजे काय

स्कॉच व्हिस्कीचे दोन मूळ प्रकार आहेत. पहिला माल्ट व्हिस्कीचा. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणावयाचे, योग्य वेळी ते सुकवून थांबवावयाचे, हे मोडाचे धान्य भरडून गरम पाण्यात त्यातील साखर उतरवून घ्यावयाची, यीस्टच्या साहाय्याने तिचे किण्वन करावयाचे आणि मग तांब्याच्या पात्र-भट्टीत, बहुधा दोनदा, ऊर्ध्वपातन करावयाचे, अशी ही पद्धती आहे. दुसरा प्रकार धान्य-व्हिस्कीचा. तीत गहू किंवा मका हे मुख्य धान्य असते. त्यातील पिष्टाची साखर करण्यापुरते मोडाचे सातू मिसळतात, आणि ऊर्ध्वपातन उंच स्तंभ-भट्टीत अखंड चालते. ईनिअस कॉफी ह्याने १८३० साली अशा भट्टीचे पेटंट घेतल्यापासून हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला. पात्र-भट्टी प्रत्येक वेळी भरावी आणि रिकामी करावी लागते. स्तंभ-भट्टी दिवसरात्र वाहत राहते. मिश्र स्कॉच स्वस्त असण्याचे पहिले कारण ह्या साध्या फरकात आहे.

१८६० च्या कायद्याने शुल्क भरण्यापूर्वीच गोदामात ह्या दोन्ही प्रकारांचे मिश्रण करण्यास परवानगी मिळाली, आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशरप्रभृती व्यापाऱ्यांनी मिश्र व्हिस्कीचा धंदा वाढविला. पुढे फ्रान्समधील द्राक्षमळे फायलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाले, कोन्याक ब्रँडी दुर्मीळ झाली, आणि इंग्लंडमधील उच्चभ्रूंच्या पेल्यात तिची जागा ह्या सौम्य मिश्र व्हिस्कीने घेतली.

पण तिला 'व्हिस्की' म्हणावे की नाही, हा वाद मिटलेला नव्हता. १९०५ साली लंडनमधील इझलिंग्टन नगरपरिषदेने स्तंभ-भट्टीचे मद्य व्हिस्की म्हणून विकल्याबद्दल काही विक्रेत्यांवर खटले भरले, आणि पुढील वर्षी न्यायाधीशाने विक्रेत्यांविरुद्ध निर्णय दिला. वाद इतका चिघळला की १९०८ मध्ये रॉयल कमिशन नेमावे लागले. १९०९ च्या अहवालात कमिशनने धान्य-व्हिस्की आणि मिश्र व्हिस्की ह्या दोहोंनाही ते नाव धारण करण्याचा हक्क मान्य केला. 'अस्सल' आणि 'भेसळ' ह्यांमधील रेषा निसर्गाने आखलेली नसून व्यवहार, कायदा आणि अभिरुची ह्यांनी मिळून आखलेली असते, हे ह्या प्रकरणावरून ध्यानात येते. आज मिश्र स्कॉचला कमी लेखणारे रसिक न कळत त्या जुन्या खटल्याचाच पुकारा करीत असतात.

कायद्याची चौकट

सांप्रत २००९ चे स्कॉच व्हिस्की विनियम लागू आहेत. त्यांप्रमाणे स्कॉच म्हणविणारे प्रत्येक मद्य स्कॉटलंडमध्ये धान्यापासून गाळलेले असले पाहिजे. ते ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरले पाहिजे. त्यात पाणी आणि रंगापुरता साधा कॅरमेल ह्यांवाचून काही घालता येत नाही, आणि बाटलीतील तीव्रता ४० टक्क्यांहून कमी असता कामा नये. हे नियम स्वस्त व महाग असा भेद जाणत नाहीत. सर्वांत स्वस्त बाटलीतील सर्वांत कोवळा थेंबही ३ वर्षांचा असतोच.

आणखी एक कलम आपल्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. ऊर्ध्वपातन ९४.८ टक्क्यांहून कमी तीव्रतेला थांबले पाहिजे, असे ते सांगते. हा आकडा वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. वस्तुतः त्यात फार मोठा अर्थ आहे. सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क उदासीन होतो. तो मळीचा की गव्हाचा, हे नाकाला सांगता येत नाही. त्या अलीकडे थांबल्यास धान्याची व किण्वनाची थोडी तरी खूण शिल्लक राहते. आपल्याकडे व्हिस्की ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त पेयांपैकी पुष्कळांचा आधार साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेला उदासीन मद्यार्क हा असतो. युरोपातील कायदा मळीच्या मद्याला व्हिस्की म्हणू देत नाही, त्याचे कारण येथे आहे. मिश्र स्कॉचमधील धान्य-व्हिस्की म्हणजे पाणी घातलेला स्पिरिट नव्हे. ती हलकी असते, परंतु मुकी नसते.

'टीचर्स'ची घडण

विल्यम टीचर ह्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात ग्लासगो शहरात उभा राहिला. तेथे त्याची पेल्याने व्हिस्की विकणारी दुकाने होती, आणि त्यांत धूम्रपानास मनाई असे, अशी त्यांची ख्याती आहे. 'हायलँड क्रीम' हे नाव १८८४ साली नोंदविले गेले. मिश्रणाला लागणाऱ्या माल्टचा पुरवठा हाती असावा ह्या हेतूने अ‍ॅडम टीचर ह्याने १८९८ मध्ये अ‍ॅबर्डीनशायरमधील केनेथमाँट येथे आर्डमोर ही भट्टी उभारली. १९१३ साली ह्याच कंपनीने पुन्हा बसविता येणारे बूच प्रचारात आणले आणि बाटली उघडण्यासाठी स्क्रू वापरण्याची गरज संपविली. ही गोष्ट रुचीशी संबंधित नसली, तरी पेय घराघरात पोचण्यास अशा सोयी किती कारणीभूत होतात, हे तीवरून दिसते.

ह्या मिश्रणाचे वैशिष्ट्य दुहेरी आहे. एक म्हणजे त्यातील माल्टचे प्रमाण. ते किमान ४५ टक्के असते, असे उत्पादक सांगत आले आहेत, आणि ह्या किंमतीच्या मिश्रणात ते पुष्कळच म्हटले पाहिजे. दुसरे म्हणजे त्याच्या गाभ्याशी असलेली आर्डमोरची धुरकट माल्ट. दलदलीत शतकानुशतके अर्धवट कुजून साठलेले वनस्पतिद्रव्य म्हणजे पीट. ते जाळून त्याच्या धुरावर मोडाचे सातू सुकविले की फेनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी द्रव्ये धान्याला चिकटतात. आर्डमोरच्या धान्यात फेनॉलांचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १२ ते १४ असते. आयला बेटावरील अतिधुरकट व्हिस्क्यांच्या धान्यात ते ४० च्या पुढे जाते. हे आकडे धान्याचे आहेत, बाटलीतील मद्याचे नव्हेत, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये; ऊर्ध्वपातनात आणि मुरण्यात त्यातील मोठा भाग मागे पडतो. आर्डमोरच्या भट्ट्या २००१ पर्यंत थेट कोळशाच्या आचेवर तापविल्या जात. त्यानंतर तेथे वाफ आली.

रुचीची उत्पत्ती

कोणत्याही व्हिस्कीची रुची चार ठिकाणांहून येते : धान्य, किण्वन, भट्टी आणि पिंप.

धान्यापासून येणारा मुख्य गुण धुराचा. त्याचा उल्लेख वर आला आहे. किण्वनात यीस्ट अल्कोहॉलबरोबरच एस्टर नावाची सुवासिक संयुगे निर्माण करते. आयसोअमाइल अ‍ॅसिटेटला पिकल्या केळ्याचा, तर एथिल हेक्झॅनोएटला सफरचंदाचा वास असतो. भट्टीचे काम ह्यांतून निवड करण्याचे. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात आरंभीचा व अखेरचा भाग बाजूस सारून मधला भाग तेवढा घेतात. एस्टर लवकर उतरतात, फेनॉले उशिरा. तेव्हा मधला भाग कोठे तोडावयाचा, ह्यावर फळाचा आणि धुराचा तोल ठरतो. तांब्याचे कार्यही केवळ उष्णता वाहण्याचे नाही. गंधकयुक्त दुर्गंधी संयुगे त्याच्या पृष्ठभागावर बांधली जातात आणि मद्य स्वच्छ होते.

उरलेले काम पिंपाचे. आपण लोणचे 'मुरले' असे म्हणतो, त्या क्रियापदाचा पुरा अर्थ येथे लागू पडतो. अमेरिकेतील बर्बन व्हिस्कीला कायद्याने आतून जाळलेले नवे पिंप लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे तेथून विपुल येतात, आणि स्कॉटलंडमधील बहुतेक व्हिस्की त्यांतच मुरते. ओकच्या लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन येते, तर विशिष्ट लॅक्टोनांमुळे नारळाची छटा येते. जळलेल्या आतील थरामुळे उग्र संयुगे शोषली जातात. ह्या काळात दरसाल सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते. स्कॉटलंडमधले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. अधिक वर्षे मुरविणे महाग का, ह्याचे उत्तर ह्या वाट्यात आणि गोदामाच्या भाड्यात आहे. स्वस्त मिश्रण कोवळे असते ते ह्यामुळेच.

कोवळेपणाचा तोटा झाकण्याचे काम मिश्रणाने साधते. धान्य-व्हिस्कीत सुवासिक द्रव्ये कमी असल्याने तिच्यावर लाकडाचा गोडवा लवकर चढतो. तिच्या हलक्या, किंचित गोड पार्श्वभूमीवर माल्टचे फळ आणि धूर उठून दिसतात. आपल्या स्वयंपाकघरातील गोडा मसाला नजरेपुढे आणावा. त्यात धने पुष्कळ असतात, दगडफूल नाममात्र. तरी मसाल्याची ओळख पटते ती दगडफुलाने, आणि ते दगडफूल सुसह्य होते ते धन्यांमुळे. आर्डमोरचा धूर आणि धान्य-व्हिस्कीची सौम्यता ह्यांचे नाते ह्याच जातीचे आहे. शिवाय पिंपागणिक रुची बदलत असताना दरवर्षीची बाटली सारखीच लागावी, ही मिश्रकाची खरी कसोटी असते. एका पिंपातील उत्कृष्ट व्हिस्की हा सुयोग असू शकतो. वर्षानुवर्षे सारखी राहणारी लक्षावधी बाटल्यांची व्हिस्की मात्र नियोजनावाचून होत नाही.

आस्वाद आणि परिभाषा

प्रस्तुत लेखकाने ह्या व्हिस्कीची चव काही वेळा क्रमवार नोंदविली आहे. ही एका व्यक्तीची निरीक्षणे होत, प्रयोग नव्हे. पेला तळाशी रुंद व तोंडाशी निमुळता घेतला, आणि प्रथम पाण्यावाचून, नंतर समभाग पाणी घालून वास घेतला. व्यावसायिक मिश्रकही मद्य सुमारे २० टक्क्यांपर्यंत विरल करून नाकानेच बहुतेक काम उरकतात, जिभेने नव्हे.

पहिल्या वासात भाजलेल्या धान्याचा खमंगपणा येतो. त्यामागे नासपती व सफरचंद ह्यांचा ताजा वास आणि मधाचा हलका गोडवा असतो. अल्कोहॉलची झणझणी नाकाला जाणवते; कोवळ्या धान्य-व्हिस्कीची ती खूण आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पाणी घातल्यावर ही झणझण बसते आणि धूर वर येतो. तोंडात प्रथम गोडी लागते, साखर खरपूस होऊ लागताना जशी लागते तशी; मग किंचित मिरमिरीत तिखटपणा, आणि शेवटी कोरडी राख व तुरटपणा. घोट उतरल्यावरची चव फार काळ टिकत नाही, परंतु जाताना धूर मागे ठेवून जाते.

पाण्याने धूर वर का यावा, ह्याचा एक खुलासा स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाचे कार्लसन आणि फ्रीडमन ह्यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे मांडला. अल्कोहॉलचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली असता ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतात. ते ५९ टक्क्यांच्या वर गेले की अल्कोहॉलच्या रेणूंनी वेढले जाऊन ते आत ओढले जातात. पेल्यातील सर्वच सुगंधांना हा नियम सरसकट लावता येणार नाही. पण पिणाऱ्यांचा जुना अनुभव रसायनशास्त्राच्या कक्षेत कसा येतो, ह्याचा तो चांगला नमुना आहे.

येथे परिभाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि मराठीतून विज्ञान मांडणाऱ्यांनी तो टाळू नये. १९७९ साली स्कॉटलंडमधील पेंटलँड्स संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी व्हिस्कीच्या वासांचे एक चक्र तयार केले, आणि परीक्षकांच्या शब्दांना स्थिर अर्थ दिले. अशा चक्राचे बळ त्यातील संदर्भवासांत असते. परीक्षकाने ते वास प्रत्यक्ष घेतलेले असले पाहिजेत. ब्रिटिश वर्णनांत येणारे हेदरचे फूल किंवा नाताळचा फळकेक हे आपल्या विद्यार्थ्याला केवळ शब्द आहेत. ते पाठ करून त्याचे नाक शिकत नाही. उलट हुरडा भाजताना आगटीतून येणारा धूर, विझल्या चुलीतील थंड राख, पहिल्या पावसानंतरची ओली माती, कढत्या गुळाचा वास हे त्याच्या स्मृतीत पक्के आहेत. 'खमंग', 'खरपूस' आणि 'करपट' ह्या तीन शब्दांनी मराठी माणूस भाजण्याच्या तीन पायऱ्या नेमक्या सांगतो. पीटचा धूर आणि गोवरीचा धूर एकच नव्हेत, हे खरे. तरी 'आगटीच्या धुराजवळचा, पण अधिक मातकट' हे वर्णन आपल्या परीक्षकाला निश्चित दिशा देते. उसन्या शब्दांनी केलेले परीक्षण हे परीक्षण नसून पाठांतर होय.

किंमत आणि निर्णय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये लागू झालेला शुल्काचा दर शुद्ध अल्कोहॉलच्या दर लिटरला ३१.६४ पौंड होता. ७० सेंटिलिटरच्या, ४० टक्के तीव्रतेच्या बाटलीत ०.२८ लिटर शुद्ध अल्कोहॉल असते. म्हणजे तिच्यावरील शुल्क सुमारे ८.८६ पौंड झाले, आणि शिवाय एकंदर रकमेवर २० टक्के विक्रीकर. हे शुल्क ३ वर्षांच्या मिश्रणावर आणि ३० वर्षांच्या दुर्मीळ माल्टवर सारखेच बसते. तेव्हा स्वस्त बाटलीच्या किंमतीत मद्यापोटी, बाटलीपोटी आणि वाहतुकीपोटी उरणारी रक्कम फार लहान असते, आणि तेवढ्यात वर वर्णिलेला तोल साधावा लागतो.

भारतात हिशेब वेगळा पडतो. एकच माल्ट असलेली सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. मिश्र स्कॉचला हे बंधन नाही. म्हणून 'टीचर्स'सारखी मिश्रणे घाऊक आणून येथे बाटलीत भरली जातात. त्यांची तीव्रता आपल्या रूढीप्रमाणे ४२.८ टक्के असते. हा आकडा चमत्कारिक वाटेल, पण तो जुन्या ब्रिटिश 'प्रूफ' मापातील ७५ अंशांचा अवशेष आहे. त्या मापात १०० अंश म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, ब्रिटनमधील ४० टक्के म्हणजे ७० अंश. एकाच नावाची बाटली दोन देशांत चाखून तुलना करणाऱ्याने हा फरक लक्षात न घेतल्यास त्याचे अनुमान पहिल्याच पायरीवर चुकेल. आयात-शुल्क दीर्घकाळ १५० टक्के होते. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते आरंभी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे.

किंमतीचा रुचीवर प्रत्यक्ष परिणाम होतो काय? वाइनसंबंधी दोन अभ्यास येथे उद्‌बोधक आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक निनावी चाचण्यांची छाननी केली असता, अप्रशिक्षित लोकांना महाग वाइन अधिक आवडते असे आढळले नाही. उलट किंचित कमीच आवडते असे दिसले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एकच वाइन निरनिराळ्या किंमती सांगून दिली, तेव्हा अधिक किंमत सांगितलेली वाइन अधिक सुखद वाटली, आणि मेंदूच्या संबंधित भागातील हालचालही वाढली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता ध्यानात येते की, किंमत जिभेला कळत नाही, पण मनाला कळली की ती जिभेलाही कळल्यासारखी वाटते. व्हिस्कीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे घाईचे होईल; सावधगिरीचा बोध मात्र निश्चित घेता येतो.

ही सावधगिरी पाळण्याची पद्धती सोपी आहे. तीन पेले ठेवावेत. दोहोंत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. रंग दिसू नये म्हणून पेले गडद काचेचे असावेत, कारण कॅरमेलने आणलेला रंग वयाचा भास निर्माण करतो. वेगळा पेला ओळखण्यास सांगावे. केवळ अंदाजाने तिघांपैकी एक जण बरोबर ठरतो. म्हणून २४ परीक्षकांपैकी किमान १३ जणांनी बरोबर ओळखले, तरच ५ टक्के पातळीवर फरक सिद्ध झाला असे मानतात. स्वस्त मिश्रणाची खिल्ली उडविणाऱ्याने आणि त्याची भलावण करणाऱ्यानेही प्रथम ह्या कसोटीस उतरावे.

ह्या विवेचनाचा अर्थ स्वस्त आणि महाग व्हिस्कीत भेदच नाही असा नव्हे. दीर्घकाळ मुरलेल्या माल्टमधील खोली, घोटानंतर लांबत जाणारी चव, लाकडाचे अनेक पदर हे 'टीचर्स'मध्ये शोधूनही सापडणार नाहीत. तिच्यात कोवळेपणाची धार आहे, आणि तिची गोडी कधी कधी उथळ वाटते. पण तिला स्वतःची ओळख आहे, आणि ती ओळख अपघाताने आलेली नाही. धान्य, धूर, तांबे आणि लाकूड ह्यांची निवड करून, थोड्या खर्चात आणि कायद्याच्या पूर्ण चौकटीत ती घडविलेली आहे. साधनांची मर्यादा पत्करून साधलेला तोल हाही गुणवत्तेचा एक प्रकार आहे. तो ओळखावयाचा तर बाटलीवरील किंमत झाकून ठेवावी, आणि पेल्यातील वासाला आपल्या स्वतःच्या शब्दांनी नाव देण्याचा अभ्यास करावा.